नाव काढलं

“सिस्टम दाखवतंय” असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. गॅस एजन्सीत, बँकेत, दवाखान्याच्या खिडकीवर, कुठंही. समोरचा माणूस पडद्याकडं बोट दाखवतो आणि विषय संपल्यासारखा पुढच्या माणसाकडं बघतो. मग मी भांडते. माझी मुलगी अशा वेळी मला दंडाला धरून बाजूला घेते. आईचं वय झालं असं तिला वाटतं. वयाचा काही संबंध नाही. पडद्यावर जे दिसतं ते कसं तयार होतं हे मला माहीत आहे, कारण तेच माझं काम आहे.

नाशिकमध्ये दिंडोरी रोडवर एका कंपनीत मी ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळते. आजही सांभाळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून नोकरीवर लाथ मारण्याची वगैरे अपेक्षा करणार नाही. कंपनी द्राक्षबागांसाठी खतं आणि औषधं विकते. प्रत्येक बागायतदाराची एक नोंद असते. गाव, फोन, द्राक्षाची जात आणि छाटणीची तारीख. त्या तारखेपासून सॉफ्टवेअर दिवस मोजतं आणि आपोआप मेसेज पाठवतं: आता फुटी निघतील, आता फुलोरा येईल, पावसात डाऊनीच्या बुरशीपासून जपा, अमुक फवारा. तारीख बरोबर असेल तर शेतकऱ्याला वाटतं कंपनी आपल्या बांधावर उभी आहे. तारीख चुकली की तेच मेसेज मूर्खाची बडबड होतात.

आता ही तारीख कसली, ते समजून घ्या, कारण सगळं पाणी तिथंच मुरलंय. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि नंतर फळासाठी गोडी छाटणी. या दुसरीला आमच्याकडं सर्रास ऑक्टोबर छाटणी म्हणतात. म्हणतात, इतकंच. ती ऑक्टोबरमध्येच होते असं मुळीच नाही. दिंडोरीकडं कित्येक जण सप्टेंबरात घेतात, सटाण्याकडचे आगाप बागवाले तर श्रावणातच उरकतात. तरी बोलताना “यंदा ऑक्टोबर छाटणी ऑगस्टमध्येच घेतली” असंच बोलतात आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या घरी चारचा चहा पाचला होतो, तसंच. माझं माहेर शहराच्या कडेचं, फुलं आणि पालेभाज्या करणारं. द्राक्षाची एक वेलही आमची नाही. पण ऑक्टोबर छाटणी म्हणजे काय, हे मलाही कधी कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रकान्याचं नावही तेच होतं. ‘ऑक्टोबर छाटणी दिनांक’.

हे रकाने अचूक ठेवायचं काम फोनवर बसणाऱ्या मुलींचं. त्यात एक सुरगाण्याकडची होती. डोंगरातल्या पाड्यावरून शिकायला नाशकात आली आणि इथंच नोकरीला लागली. ती काही गरीब गाय नव्हती. मोठ्यानं हसायची, चहा पाणचट झाला तर कँटीनवाल्याला तोंडावर सांगायची, आणि मी गावाचं नाव चुकीचं लिहिलं की माझ्या टेबलापाशी येऊन “ताई, त्या गावाला असं म्हणत नाय कोणी” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची. मला राग यायचा. मग मी दुरुस्त करायचे. पण तिच्या नोंदी वाचाव्यात. बाकीच्या मुली नोंदीखाली ‘बोलणे झाले’ एवढं लिहून मोकळ्या व्हायच्या. ती लिहायची: “सकाळी फोन करू नये, धारा काढतात.” “कानाने कमी, पण ओरडलेलं आवडत नाही, हळू आणि स्पष्ट बोलणे.” “मोठा भाऊ फोन उचलतो, बाग धाकटा बघतो, त्यालाच मागणे.” बागायतदार फोन करून “ती सुरगाण्याची ताई द्या” म्हणायचे. दिवसभरात सगळ्यात जास्त नोंदी तीच उघडायची आणि तीच दुरुस्त करायची.

त्या वर्षी पोळा होऊन गेला आणि फोन सुरू झाले. पहिला मला आठवतो, कारण तिनं तो मजा म्हणून स्पीकरवर टाकला होता. सटाण्याकडचे एक बागायतदार होते, अस्सल अहिराणीत.

“ताई, मना बाग फुलोरामा शे, आनि तुमना मेसेज म्हनस छाटणीनी तयारी करा! येडा शे का तुमना कंप्युटर?”

आम्ही सगळ्या हसलो. ती म्हणाली, “दादा, कंप्युटरचं माहीत नाय, पण मी शहाणी हाय. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते.” तिनं नोंद उघडली. छाटणीच्या जागी एक ऑक्टोबर पडलेला होता. ऑक्टोबर तर अजून उजाडायचा होता! तिनं त्यांना विचारून ऑगस्टमधली खरी तारीख घातली, सेव्ह केलं आणि पुढचा फोन घेतला.

पुढं पाऊस लागला. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे डाऊनीला आमंत्रण, आणि डाऊनीचा इशारा त्यांना गेलाच नाही. सॉफ्टवेअरच्या हिशोबात त्यांची छाटणीच अजून व्हायची होती. तेव्हा ते स्वतः ऑफिसात आले. काळे पडलेले घड त्यांनी पिशवीतून काढून साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठेवले. “तुमच्या पोरीनं सांगितलं दुरुस्त केलं म्हणून,” एवढंच ते म्हणाले, आमच्यासाठी शुद्ध मराठीत. चढलेला आवाज मी सहन करते. तो उतरलेला आवाज मला सहन झाला नाही. छाटणीची तयारी करा सांगणारा आमचा मेसेज तोवर बागायतदारांच्या ग्रुपवर फिरत होता आणि लोक त्याखाली हसत होते.

साहेबांनी मला बोलावून त्या नोंदीचा इतिहास उघडायला लावला. सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची खूण ठेवतं. तिथं दोन ओळी होत्या. पहिलीत ऑक्टोबर जाऊन ऑगस्ट आला होता. दुसरीत ऑगस्ट जाऊन पुन्हा एक ऑक्टोबर आला होता. दोन्ही एकाच मिनिटातल्या. दोन्हीपुढं बदल करणारी म्हणून तिचं नाव.

“स्वतःच बरोबर करते आणि स्वतःच परत बिघडवते,” साहेब म्हणाले. आणखी नोंदी उघडल्या. जिथं जिथं एक ऑक्टोबर पडला होता, तिथं बहुतेक ठिकाणी तिचंच नाव.

तिला आत बोलावलं. तिनं पडदा बघितला आणि ती भडकली. “मी कशाला परत बिघडवू? मला येड लागलंय का?”

“सिस्टम दाखवतंय,” साहेब म्हणाले. “सिस्टम खोटं बोलत नाही.”

“मंग मी खोटं बोलते?”

साहेबांनी मान फिरवली. तिचा आवाज त्यांना खुपला होता, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ती रडली असती, हात जोडले असते, तर कदाचित त्यांनी समज देऊन सोडलं असतं. माफी मागणारी माणसं त्यांना आवडतात. ती ताठ उभी राहिली. उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी सांगितलं आणि मोबाइल हातात घेतला. मी म्हणाले, “साहेब, मला जरा बघू द्या, माणूस असं करत नाही.” तर म्हणाले, “बघाच. असं काहीतरी बसवा, की सगळ्या नोंदींत कुणी काय बदललं ते एकाच ठिकाणी आपोआप नोंदलं जाईल. पुरावा पाहिजे. पुन्हा कुणाची हिंमत नको.”

पुरावा पाहिजे! शिक्षा आधीच देऊन झाली होती, पुरावा आता गोळा करायचा होता.

मी तो बसवला, ‘ऑडिट’ नावानं. रागानं बसवला, म्हणून चांगला झाला. कोणत्याही नोंदीतला कोणताही रकाना बदलला की आपोआप एक नवी ओळ तयार व्हायची: आधी काय होतं, आता काय आहे, कुणी बदललं, कधी. बिघडलेल्या तारखांच्या जुन्या ओळीही मी त्यात ओतल्या. आणि दोन गोष्टी हट्टानं केल्या. एक म्हणजे, बदल करणाऱ्याचं नाव ओळीत अक्षरांनी लिहिलं जाईल अशी सोय केली, म्हणजे उद्या कुणाचं खातं बंद केलं तरी नाव तिथं राहील. दुसरी म्हणजे, ही ओळ कुणालाच पुसता येणार नाही. मलाही नाही, साहेबांनाही नाही. माझा सगळा डोळा साहेबांवर होता. त्यांनी कधी काही फिरवलं तर त्यांना हात झटकता येऊ नयेत, असा माझा डाव होता.

मग त्या ओळी मी एकाखाली एक लावून बघितल्या. गंमत लगेच दिसली. तारीख बदलली होती ती प्रत्येक ठिकाणी एकच, एक ऑक्टोबर. एखादी कंटाळलेली मुलगी चुका करते तेव्हा वेगवेगळ्या करते. इतकी शिस्तीची चूक माणसाला जमत नाही. आणि त्या त्या नोंदीचा इतिहास उघडला, तर प्रत्येक वेळी त्याच क्षणी दुसरंही काहीतरी बदललेलं होतं, कुठं फोन नंबर, कुठं गावाचं नाव.

चाचणीसाठी मी एक खोटा बागायतदार तयार करून ठेवलेला असतो. त्याची छाटणी ऑगस्टमधली होती. मी त्याचा फक्त फोन नंबर बदलला, तारखेला बोटही लावलं नाही, आणि सेव्ह केलं. माझ्या ऑडिटमध्ये दोन ओळी उमटल्या. फोन नंबर बदलला. ऑगस्ट जाऊन एक ऑक्टोबर आला. बदल करणारी म्हणून, दोन्हीपुढं, माझं नाव.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी केलेलं नव्हतं ते माझ्या नावावर माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं गेलं होतं, आणि ते मी स्वतः बसवलेल्या यंत्रानं शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं.

मी पुण्याला सल्लागारांना फोन लावला. साहेबांनी मध्यंतरी त्यांच्याकडून ‘डेटा स्वच्छ’ करून घेतला होता, तो त्यांनी त्यांच्या बाजूनं, मला न सांगता केला होता. त्यांनी बसवलेले आपोआप चालणारे नियम माझ्या पडद्यावर दिसतही नाहीत. फोनवर एक तरुण मुलगा होता, अगदी अदबीनं बोलणारा.

“हो मॅडम, तो आमचाच नियम आहे. फील्डचं नाव ऑक्टोबर छाटणी आहे ना? मग ऑक्टोबरच्या आधीची तारीख चुकीचीच. नोंद सेव्ह झाली की नियम ती एक ऑक्टोबर करतो. तुमच्या साहेबांनी सांगितलं होतं, रिपोर्टमध्ये लाल काही दिसायला नको.”

“तुम्ही कधी एखाद्या द्राक्षवाल्याला विचारलंत?”

“मॅडम, फील्डच्या नावातच आहे ना.”

“आणि बदल करणारी म्हणून आमच्या मुलीचं नाव का पडतं?”

“नियमाला स्वतःचं नाव नसतं मॅडम. जो नोंद सेव्ह करतो, त्याच्या नावानं तो चालतो.”

म्हणजे जी जास्त काम करेल, तिच्या नावावर जास्त चुका. जी दिवसभर ‘बोलणे झाले’ लिहून नखं रंगवत बसेल, तिचा इतिहास धुतल्यासारखा स्वच्छ. मी त्या मुलाला बरंच बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिकीट टाका, म्हणजे रीतसर तक्रार नोंदवा, म्हणाला.

साहेबांना मी सगळं करून दाखवलं. माझ्याच नावावर पडलेली तारीख दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “अच्छा, म्हणजे टेक्निकल इश्यू आहे,” ते म्हणाले. मुलगी करते तेव्हा चूक असते, यांच्या हुकमावरून होते तेव्हा टेक्निकल इश्यू. मी म्हणाले, तिला परत बोलवा. म्हणाले, बघू. मी म्हणाले, सगळ्या ऑफिसला लेखी कळवा, तिचा दोष नव्हता म्हणून. म्हणाले, मॅडम, विषय कशाला वाढवायचा, ती आता गेलीच आहे. मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. बाहेरच्या मुलींनी ऐकलं, एवढं पुरे.

शेवटी मीच तिला फोन केला. पाड्यावर रेंज नाही, टेकाडावर चढलं की मिळते, त्यामुळं तिचाच उलट फोन आला. वारा ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, ती मोठ्यानं हसेल, साहेबांना चार शिव्या देईल. ती हसली नाही.

मग म्हणाली, “ताई, कामाचं राहू द्या. इथं नागलीची कापणी हाय, नंतर बघीन दुसरं. पण तुमचा तो माल पोचवणारा गाडीवाला हाय ना, त्यानं सुरगाण्याच्या स्टँडवर सांगितलं, त्या पोरीनं तारखांचा घोळ केला म्हणून काढली. आमच्या पाड्यावरनं ऑफिसात गेलेली मी पहिली. आई जीपमध्ये बसली की सगळ्यांना सांगायची, माझ्या पोरीनं नाव काढलं. आता ती जीपमध्ये बसत नाय. पायी जाते.”

“तू परत ये, मी साहेबांशी भांडते,” मी म्हणाले.

“मला परत नका बोलवू,” ती म्हणाली. “फक्त त्या तारखांवरनं माझं नाव काढा. एवढं करा.”

मी शब्द दिला. साहेबांच्या मागं लागले. रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहायचे. त्यांनी बहुधा माझ्या कटकटीला कंटाळून पुण्याला फोन लावला, आणि तिकडून उपाय आला: नियमाला स्वतःचं खातं द्या, म्हणजे तो स्वतःच्या नावानं चालेल, माणसांच्या नाही. उपाय अगदी बरोबर होता. आमच्या बागायतदारांच्या छाटणीच्या तारखाही नियमांतून वगळल्या, बाकी साफसफाईचे नियम चालू राहिले. मी खूश झाले. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही खूश झाले.

पण सॉफ्टवेअरमध्ये खाती मोजून विकत घेतलेली असतात. नवं खातं म्हणजे नवी खरेदी. साहेब म्हणाले, “एक रिकामं पडलंय की.” आणि ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं नाही. स्वतः केलं, संध्याकाळी, मी घरी गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका बागायतदाराची नोंद उघडली. खाली टीप होती: “कानाने कमी, पण ओरडलेलं आवडत नाही, हळू आणि स्पष्ट बोलणे.” लिहिणाऱ्याचं नाव: स्वयंचलित प्रक्रिया. दुसरी उघडली. “सकाळी फोन करू नये, धारा काढतात.” स्वयंचलित प्रक्रिया. तिचं खातं घेऊन साहेबांनी त्यावरचं नाव बदललं होतं, आणि खात्याचं नाव बदललं की त्या खात्यानं आजवर केलेल्या सगळ्यावर नवं नाव चढतं. तिनं जोडलेली माणसं, दुरुस्त केलेली गावं, ऐकून घेतलेली गाऱ्हाणी, सगळं आता यंत्राचं होतं. धारा काढतात हे यंत्राला कुठून कळलं, असं कुणी विचारणारही नव्हतं.

मी माझं ऑडिट उघडलं. तिथं ही ओळ बिनचूक उमटली होती. रकाना: खात्याचं नाव. आधी: तिचं नाव. आता: स्वयंचलित प्रक्रिया. बदल करणारे: साहेब. माझा डाव साधला होता. त्यांना हात झटकता येणार नव्हते, आणि ते झटकतही नव्हते. मी ती ओळ त्यांच्यापुढं धरली तर म्हणाले, “तुम्हीच मागं लागला होतात ना, तिचं नाव काढा म्हणून? काढलं.”

मग मी ऑडिटमध्ये खाली गेले. तारखांच्या बिघडलेल्या ओळी तिथं होत्या. त्यांत नाव मी अक्षरांनी लिहून घेतलेलं होतं, खात्यावरचं नाव बदललं तरी न बदलणारं. पुसता न येणारं. साहेबांनाही नाही. मलाही नाही. शब्द देताना हे मी विसरले होते. साऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव आता फक्त तिथं उरलं होतं.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पुन्हा तोच वारा.

“ताई, काढलं का माझं नाव?”

मला खोटं बोलता आलं असतं. काढलं गं, एवढं म्हटलं असतं तरी ती सुखानं टेकाड उतरून गेली असती, आणि तिची आई कदाचित जीपमध्ये बसली असती. पण त्या ऑफिसात खोटं बोलणारे पुरेसे होते. मी तिला सगळं सांगितलं, कुठून निघालं आणि कुठं राहिलं ते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आणि स्पष्ट आवाजात तिनं विचारलं, “म्हंजे मी चांगलं केलं ते मशीनचं, आन् मशीननं बिघडवलं ते माझं?”

“हो,” मी म्हणाले.